विल्यमचा ‘बिल’ कसा होतो? इंग्रजी हाकेच्या नावांचा अर्थ आणि वापर

शब्दवेल्हाळ (धागाकर्ती)
जुनी इंग्रजी पत्रे, चरित्रे मराठीत आणताना एक अडचण हमखास येते. पहिल्या पत्रात मार्गारेट, तिसऱ्यात मेग, सातव्यात पेगी, आणि तिघी मिळून बाई एकच. वाचक तीन बहिणी समजून बसतो. रॉबर्टचा रॉब समजतो, पण बॉब कुठून आला? विल्यमचा विल ठीक, बिल का? रिचर्डचा डिक, एडवर्डचा नेड, जॉनचा जॅक?

माझे प्रश्न तीन. ही नावे बनतात कशी, त्याला काही नियम आहे का? आज प्रत्यक्ष बोलताना, मेल लिहिताना ती कोणी कोणासाठी वापरायची? आणि मराठी अनुवादात त्यांचे काय करायचे? शक्यतो नेमकी माहिती हवी आहे.

कंठतालव्य
पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बिल, बॉब, डिक, पेग, पॉली ही सगळी एकाच पद्धतीची नावे आहेत. दोन पायऱ्या धरा. पहिली, नाव तोडून एका अवयवाचे, म्हणजे एका दमात उच्चारता येणाऱ्या एका तुकड्याचे करायचे: विल्यम – विल, रॉबर्ट – रॉब, रिचर्ड – रिक, मार्गारेट – मेग, मेरी – मॉल. दुसरी, पहिले व्यंजन बदलून यमक जुळवायचे: विल – बिल, रॉब – बॉब, रिक – डिक, मेग – पेग, मॉल – पॉल, त्यातून पॉली.

ही खटपट कशासाठी, याचे उत्तर लोकसंख्येत आहे. १०६६ मध्ये नॉर्मन इंग्लंडमध्ये आले आणि पुढच्या दोनशे वर्षांत जुनी इंग्रजी नावे जवळपास संपली. चौदाव्या शतकात जॉन, विल्यम, थॉमस, रिचर्ड, रॉबर्ट या पाच नावांतच निम्म्याहून जास्त पुरुष येत. एका गावात आठ रॉबर्ट असतील तर एक रॉब, एक हॉब, एक डॉब, एक रॉबिन असे वेगळे करावेच लागते. हॉब आणि डॉब हे जुने, बॉब त्यानंतरचा. बिलसुद्धा तसा उशिराचाच. त्याचे ठळक पुरावे सतराव्या शतकापासूनचे आहेत.

भटकंती
बिल आयर्लंडमधून आला असे वाचल्याचे आठवते. आयरिश भाषेत विल्यमचे उइल्यम होते आणि तिथे ‘ब’ आणि ‘व’ यांची अदलाबदल होते, म्हणून.

कंठतालव्य
@भटकंती, आयरिशमध्ये ‘ब’ मृदू होऊन ‘व’सारखा ऐकू येतो हे खरे. पण उइल्यममधून जे हाकेचे नाव आयर्लंडने दिले ते लियम, बिल नव्हे. शिवाय रॉब – बॉब, रिक – डिक, मेग – पेग हा साचा इंग्लंडमध्ये आधीपासून होता. साचा तयार असताना विलचा बिल व्हायला आयरिश ध्वनीची गरज पडत नाही. इंग्लंडचा तिसरा विल्यम आयर्लंडमधल्या प्रोटेस्टंटांचा ‘किंग बिली’ झाला, त्यामुळे ही समजूत पसरली असावी असे मला वाटते.

अनुस्वार
नेडची गंमत वेगळी आहे. जुन्या इंग्रजीत स्वराआधी ‘माय’ऐवजी ‘माइन’ म्हणत. ‘माइन एड’, म्हणजे माझा एड. ‘माइन’चा शेवटचा न ऐकणाऱ्याने पुढच्या शब्दाला जोडला आणि ‘माय नेड’ झाले. ॲनची नॅन, एलेनची नेल, ऑलिव्हरचा नॉल हे सगळे याच वाटेने आले. ऑलिव्हर क्रॉमवेलला लोक ‘ओल्ड नॉल’ म्हणत.

‘निकनेम’ हा शब्दही तसाच जन्मला. मूळ ‘ॲन ईकनेम’. ईक म्हणजे जास्तीचे, वर जोडलेले. तो ‘अ नेकनेम’ झाला आणि पुढे निकनेम. आपल्या ‘उपनाव’ शब्दाची घडण थेट हीच आहे, फक्त मराठीने तो आडनावासाठी ठेवला.

उलटा प्रकारही आहे. मूळ शब्द ‘नूमपेर’, म्हणजे दोघांच्या जोडीबाहेरचा, तिसरा. ‘अ नूमपेर’चे ‘ॲन उमपेर’ झाले. तोच आपला अंपायर.

यॉर्कर
अंपायरने पण न गमावला! यापुढे सामना बघताना हे आठवणार.

वरणफळ
आणि जॅक? फ्रेंच झाकवरून ना? झाक म्हणजे जेम्स, मग जॉनशी संबंध कसा?

कंठतालव्य
नाही. दिसायला सारखे म्हणून पूर्वी तसे मानत. आता मान्य असलेली साखळी अशी: जॉनचे मध्ययुगीन रूप जान, त्याला ‘किन’ हा लाडाचा प्रत्यय लागून जानकिन, त्यातला अनुनासिक गळून जाकिन, त्याचे टोक तुटून जॅक. हा ‘किन’ फ्लेमिश आणि डच बाजूने आला. विल्किन, हॉपकिन, वॉटकिन, पर्किन त्याचेच. हँकसुद्धा मूळचा योहानचा हँकिन. अमेरिकेत तो हेन्रीच्या गळ्यात पडला.

हेन्रीचा हॅरी मात्र लघुरूप नाहीच. फ्रेंच ‘आंरी’ इंग्रजांच्या तोंडी हेरी, मग हॅरी झाले. बोलण्यातले मूळ इंग्रजी रूप हॅरी, आणि कागदावरचे हेन्री.

गॅरेजवाला
आमच्या धंद्यातला जॅक हाच. इंग्रजीत जॅक हे ‘कुठलाही साधा माणूस, पोरगा, गडी’ या अर्थाने चालू लागले, मग गड्याचे काम करणाऱ्या अवजाराला ते चिकटले. बूट काढायचा जॅक, मांस भाजताना सळई फिरवणारा जॅक, आणि गाडी उचलायचा जॅक. पत्त्यांतही तेच: आधी त्या पानाला ‘नेव्ह’ म्हणत, म्हणजे चाकर पोऱ्या. एकोणिसाव्या शतकात पानांच्या कोपऱ्यावर अक्षरे छापू लागले तेव्हा किंगचे के आणि नेव्हचे के-एन यांत घोटाळा होऊ लागला, म्हणून जॅकचा जे आला. मराठीतला ‘गुलाम’ जुन्या अर्थाला जास्त जवळ आहे.

वरणफळ
मग ‘नोकरीसाठी जॅक लावला’ म्हणतात त्यातही बिचारा जॉनच राबतोय.

नोंदवही
ज्यांना जुनी कागदपत्रे वाचायची आहेत त्यांच्यासाठी वेगळी सूचना. बोलण्यातले लघुनाव आणि लिहिण्यातला संक्षेप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कबरींवर, बाप्तिस्म्याच्या नोंदींत, जुन्या दुकानांच्या पाट्यांवर डब्ल्यू-एम लिहिलेले असते, ते विल्यम. जे-ए-एस म्हणजे जेम्स. सी-एच-ए-एस म्हणजे चार्ल्स, टी-एच-ओ-एस म्हणजे थॉमस, जी-ई-ओ म्हणजे जॉर्ज. सगळ्यात जास्त चूक होते ती जे-एन-ओमध्ये. लोक त्याचा जोनाथन करतात. तो जॉन आहे. आणि एक्स-पासून सुरू होणारा विचित्र संक्षेप दिसला तर तो बहुधा क्रिस्टोफर. तो एक्स हे ग्रीक अक्षर असून त्याचा उच्चार ‘ख’च्या जवळचा.

नोंद लॅटिनमध्ये असेल तर आणखी जपा: गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, याकोबुस म्हणजे जेम्स, योहान्नेस म्हणजे जॉन. पत्रात ‘जॅक’ आहे म्हणून नोंदवहीत ‘जॅक’ शोधत बसाल तर एकोणिसाव्या शतकात फारसे हाती लागणार नाही. जॉन शोधा.

यॉर्कर
@कंठतालव्य यांचा रॉब-हॉब-डॉब वाचून लक्षात आले, हॉब्ज आडनाव त्यातलेच?

कंठतालव्य
हो. हॉब्ज म्हणजे ‘हॉबचा’, रॉबर्टचा मुलगा. आज विस्मरणात गेलेली सगळी हाकेची नावे आडनावांत जिवंत आहेत. रॉबर्टपासून रॉबसन, रॉबिन्सन, हॉब्सन, डॉब्सन, हॉपकिन्स. रिचर्डपासून डिक्सन, डिकन्स, हिक्स, हिगिन्स, हिचकॉक. वॉल्टरला वॉट म्हणत, कारण ‘ल’ उच्चारत नसत. त्यातून वॉट्स, वॉटसन, वॉटकिन्स. १३८१ च्या शेतकरी बंडाचा पुढारी वॉट टायलर हा त्यातलाच वॉट. डेव्हिडचा डॉ, त्यातून डॉसन आणि डॉकिन्स. गिल्बर्टचा गिब, त्यातून गिब्ज आणि गिब्सन. रॉजरचा हॉज, त्यातून हॉजेस. ॲडमपासून ॲटकिन्सन.

आयांची नावेही आहेत, हे मला विशेष वाटते. इझाबेलची इब, तिच्यावरून इबट्सन. मटिल्डाची टिल, तिच्यावरून टिलट्सन.

इंग्रज क्रिकेटपटू जॅक हॉब्ज यांचे नाव उलगडले तर ‘जॉन, रॉबर्टच्या घरातला’ एवढाच अर्थ निघतो.

मात्रावृत्त
ध्वनीच्या बाजूने थोडी भर घालते. मुलांना आणि घाईत बोलणाऱ्यांना अवघड जाणारे ध्वनी लघुनावात सोपे होतात. स्वरांमधला किंवा शेवटचा र जाऊन ल येतो: मेरीची मॉल, सेराची सॅल, हॅरीचा हॅल, डॉरथीची डॉल. खेळण्यातली डॉल म्हणजे बाहुली हा शब्द या डॉरथीवरूनच आला. आपली पोरेही र शिकेपर्यंत ‘घल’, ‘कल’ म्हणतातच. तसेच ‘थ’चा ट होतो: एलिझाबेथची बेटी, डॉरथीची डॉट, कॅथरिनची केट.

व्यंजनाच्या मागचा र तर सरळ गळतो. फ्रान्सिसची फॅनी पाहा. आता मराठी बघा: प्रकाशचा पक्या, प्रशांतचा पश्या, प्रमोदचा पम्या, प्रदीपचा पद्या. अगदी तोच नियम, दोन्ही भाषांनी आपापल्या घरी शोधलेला.

फरक आहे तो आघाताचा. मराठीत आपण नेहमी नावाच्या सुरुवातीला हात घालतो. गणेशचा गण्या, सचिनचा सच्या, दिनेशचा दिन्या. इंग्रजीत जिथे जोर पडतो तो अवयव उरतो. रिबेकाची बेकी, ऑगस्टसचा गस, पट्रिशाची ट्रिश, युजीनचा जीन. अलेक्झांडरचा सँडी आपल्याला अगम्य वाटतो, कारण आपण ते नाव सपाट उच्चारतो. ‘अलिग्-झान्-डर’ असे झानवर जोर देऊन म्हणा, सँडी आपोआप सापडेल. एलिझाबेथमध्ये जोर ‘लि’वर, म्हणून लिझ. बेथ ही शेपटाकडची, बेस आणि बेटी तिच्याच शेजारच्या.

भटकंती
स्कॉटिश हेमिश विसरू नका. जेम्सचे गेलिक रूप शेमस. हाक मारताना, संबोधनात, त्याचे पहिले व्यंजन बदलते आणि ‘हेमिश’सारखे ऐकू येते. इंग्रजी बोलणाऱ्यांनी ती हाकच नाव म्हणून उचलली. ‘हाकेचे नाव’ हा आपला शब्द इतका चपखल बसणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

कंठतालव्य
उत्तम. आयरिशबद्दल मी तुम्हाला अडवले होते, हे मात्र बिनविरोध.

मायमावशी
पेगी समजली, पण मार्गारेटची डेझी कशी? तिथे ना यमक ना ध्वनी.

अनुस्वार
फ्रेंचमध्ये मार्गरीत हे नावही आहे आणि डेझीसारख्या फुलाचे नावही. अर्थावरून आलेले लघुनाव, म्हणून आवाजात नाते सापडत नाही. मार्गारेटचा गोतावळा प्रचंड आहे: मॅगी, मेग, पेग, पेगी, मॅज, मेझी, मार्गो, ग्रेटा, रिटा, डेझी. मॅगपाय पक्ष्यातली मॅगही तीच. त्याचे जुने नाव नुसते ‘पाय’. रॉबिन पक्षीसुद्धा आधी फक्त ‘रेडब्रेस्ट’ होता. लोकांनी त्याला घरच्या माणसासारखी हाक मारली आणि हाकच शिल्लक राहिली.

टेम्सकाठ
दुसऱ्या प्रश्नावर येऊ, कारण इथे कामाच्या ठिकाणी मराठी माणसांच्या चुका तिथेच होतात.

सगळ्यात महत्त्वाचे: लघुनाव तुम्ही बनवायचे नाही, ज्याचे नाव त्याने दिले तरच घ्यायचे. मेलच्या तळाशी त्याने काय सही केली आहे ते बघा. वर यंत्राने छापलेले ‘रॉबर्ट ब्राउन’ असेल आणि खाली हाताने ‘रॉब’ असेल, तर उत्तरात ‘हाय रॉब’. बॉब नाही, बॉबीही नाही. सही ‘रॉबर्ट’ असेल तर रॉबर्टच. पुष्कळ मायकल असे आहेत ज्यांना माइक म्हटलेले खपत नाही. शंका असली तर ‘डू यू गो बाय विल्यम ऑर बिल?’ असे सरळ विचारतात. त्यात काहीही उद्धट नाही.

‘मिस्टर बिल’ हे आपल्याकडचे रूप. इंग्रजीत मिस्टर आडनावाला लागते: मिस्टर कार्टर, नाहीतर नुसते बिल. मधली पायरी नाही. पहिली मेल ‘डिअर मिस्टर कार्टर’, त्याचे उत्तर ‘बिल’ अशा सहीने आले की दुसऱ्या मेलपासून ‘डिअर बिल’. तरीही मिस्टर धरून ठेवलात तर आदर पोचत नाही, परकेपणा पोचतो. आपल्याला वयाने मोठ्या माणसाला असे म्हणणे जड जाते हे खरे, पण तिथे बिल म्हणजे बिल्या नव्हे.

नोंदवही
‘सर’ या किताबाचा नियम नेमका उलटा, तो पहिल्या नावाला लागतो. १९५३ मध्ये हॉब्जना सर केले तेव्हा ते ‘सर जॅक’ झाले, ‘सर हॉब्ज’ नव्हे. तसेच ‘सर डॉन’, पण ‘सर ब्रॅडमन’ चूक. मुंबईने हे पूर्वी अचूक पाळले होते: सर फिरोजशहा, सर जमशेटजी. सर मेहता असे कोणी म्हणत नसे.

मात्रावृत्त
@टेम्सकाठ यांच्या शेवटच्या वाक्यावर थांबायला हवे, कारण धाग्याचा तिसरा प्रश्न त्यातच अडकला आहे. मराठीत ‘-या’ लावला की एक तर लंगोटीमित्र, नाहीतर तुच्छता, नाहीतर आईचा राग. ‘गणेश’ला ‘गण्या’ म्हणायचा हक्क मोजक्यांना असतो. इंग्रजीत विल, बिल, टॉम, जिम ही तटस्थ रूपे आहेत. बँकेचा व्यवस्थापकही तीच सांगतो. लाड दाखवायचा असेल तर ई-कारान्त रूप येते: बिली, टॉमी, जिमी.

राग तर बरोबर उलट्या दिशेने चालतो. मराठी आई चिडली की नाव मोडते. इंग्रज आई चिडली की नाव पूर्ण करते, मधल्या नावासकट: ‘विल्यम हेन्री, इकडे ये!’ अनुवादात हे जसेच्या तसे ठेवले तर मराठी वाचकाला त्यात राग ऐकू येत नाही. तिथे ‘अरे विल्या’ म्हणावे की ‘विल्यम’ ठेवून क्रियापदात राग आणावा, हे अनुवादकाने ठरवायचे. मी दुसरे निवडेन.

गॅरेजवाला
मला ‘विल्या’ चालेल. वाचणारा मराठी आहे, त्याला आई मराठी हवी.

मात्रावृत्त
संवादात आई मराठी झाली तर मुलगा इंग्रज कसा राहील? पुढच्या पानावर तोच मुलगा शाळेत ‘कार्टर’ म्हणून हजेरी देतो. ‘विल्या कार्टर’ एकाच घरात नांदत नाहीत.

गॅरेजवाला
हजेरीचा मुद्दा मान्य. तरी लहान मुलांच्या पुस्तकात माझे मत कायम आहे.

टेम्सकाठ
ई-कारान्त म्हणजे नेहमी लाड असेही नाही. जिमी कार्टरनी १९७७ मध्ये अध्यक्षपदाची शपथ ‘जिमी’ याच नावाने घेतली. मूळ नाव जेम्स अर्ल. बिल क्लिंटननी १९९३ मध्ये विल्यम जेफर्सन क्लिंटन असे पूर्ण नाव उच्चारले. दोन्ही बरोबर, कारण निवड त्यांची. उलट थिओडोर रूझवेल्टना ‘टेडी’ आवडत नसे, तरी १९०२ च्या अस्वलाच्या शिकारीनंतर जगभरची खेळण्यातली अस्वले टेडी झाली.

यॉर्कर
क्रिकेटवाल्यांची वेगळी टाकसाळ आहे. इंग्रज समालोचक आडनावाला ‘-अर्स’ लावतात: ॲग्न्यूचा ॲगर्स, जॉन्स्टनचा जॉनर्स, ब्लोफेल्डचा ब्लोअर्स. हा ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांचा ‘-अर’ प्रत्यय, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा. असोसिएशन फुटबॉलचे सॉकर त्यातूनच आले.

ऑस्ट्रेलियात नाव किंवा आडनाव तोडून ई किंवा ओ लावतात: वॉर्नी, गिली, जॉनो, डेव्हो. आणि र असेल तर त्याचा झ: बॅरीचा बॅझ किंवा बॅझा, गॅरीचा गॅझ, शॅरनची शॅझ. न्यूझीलंडच्या ब्रेंडन मॅक्युलमना बॅझ म्हणतात, त्यावरून २०२२ मध्ये इंग्लंडच्या आक्रमक कसोटी खेळाला बॅझबॉल नाव पडले.

आडनावावरून ठरलेलीही असतात, ब्रिटिश सैन्यातली. आडनाव व्हाइट असले की खडूवरून चॉकी, मिलर असला की पिठावरून डस्टी, बेल असला की डिंगर, मर्फी असला की बटाट्यावरून स्पड. मूळ नाव कोणी विचारतच नाही. पंच डिकी बर्ड हे रिचर्ड नव्हते, हॅरल्ड होते. आडनाव बर्ड आणि लहान मुलांच्या बोलीत पक्ष्याला ‘डिकी बर्ड’ म्हणतात.

मायमावशी
आणि आपले पॉली उम्रीगर?

यॉर्कर
सोलापूरचा जन्म, १९२६. नाव पहलान, त्याचे पॉली. इंग्रजीत पॉली ही मेरी, पण पारशी घरांनी इंग्रजी साच्यात स्वतःची नावे ओतली: रुस्तमचा रुसी, नरिमनचा नरी, जमशेदचा जिमी. सुनील गावसकरांचे सनीही तसेच, इंग्रजी शब्दाशी जुळणारे पण सुनीलमधून निघालेले. त्यामुळे मुंबईत ‘जिमी’ दिसला की जेम्स धरू नका.

टेम्सकाठ
काही धोक्याच्या जागा सांगून ठेवतो. डिकला आज असभ्य अर्थ इतका चिकटला आहे की तरुण रिचर्ड रिक, रिच किंवा रिची म्हणवून घेतात; डिक म्हणवणारे बहुतेक म्हातारे. विलीचेही ब्रिटनमध्ये तेच, म्हणून विल. फॅनी ब्रिटनमध्ये असभ्य, जुन्या पुस्तकांत निर्मळ. रँडी हे अमेरिकेत रँडलचे साधे लघुनाव, ब्रिटनमध्ये त्या शब्दाचा अर्थ कामातुर. तेव्हा जुन्या मजकुरातल्या नावात आजचा अर्थ वाचू नका आणि आजच्या माणसाला जुन्या पुस्तकातले नाव लावू नका.

विमानाच्या तिकिटावर, व्हिसाच्या अर्जात, करारावर पासपोर्टमधलेच नाव. पाहुण्याचे तिकीट ‘बिल’ नावाने काढले आणि पासपोर्ट ‘विल्यम’ असला तर विमानतळावर अडतो. कार्यालयातल्या अर्जात ‘प्रेफर्ड नेम’ असा वेगळा रकाना असेल तर लघुनाव तिथे. सिद्धार्थने सिड, हृषीकेशने ऋषी लिहायचे ते त्याच रकान्यात, पासपोर्टच्या नावाच्या जागी नाही. सिड हे इंग्रजीत सिडनीचे जुने लघुनाव आहे, त्यामुळे समोरचा सिडनी समजला तर आश्चर्य नको.

आणि प्रत्येक लघुनावामागे पूर्ण नाव असतेच असे नाही. जॅक, हॅरी, आल्फी, आर्ची, फ्रेडी ही आज थेट जन्मनोंदीत लिहिली जातात. १९९० च्या दशकानंतर जन्मलेल्या जॅकला ‘तुझे खरे नाव जॉन ना?’ असे विचारू नये.

शब्दवेल्हाळ
केवढी सामग्री जमली! पण माझी एक शंका राहिलीच. मराठीत क्रियापदाला लिंग लागते. पत्रात ‘क्रिस काल आला’ की ‘आली’?

मात्रावृत्त
हा खरा काटा आहे. क्रिस, सॅम, ॲलेक्स, पॅट, चार्ली, निकी, फ्रँकी दोन्हीकडे चालतात. किट हा क्रिस्टोफरही असतो आणि कॅथरिनही. काही ठिकाणी वर्णलेखन मदत करते, पण देवनागरीत ती मदत पुसली जाते: ई लावलेला जो पुरुष, ई नसलेली जो स्त्री, आपण दोघांनाही ‘जो’ लिहितो. लेस्ली शेवटी ‘ई-वाय’ असेल तर ब्रिटनमध्ये बहुधा स्त्री, ‘आय-ई’ असेल तर बहुधा पुरुष. जीन इंग्रजीत स्त्री, पण युजीनचा जीन पुरुष, आणि स्त्रीच्या ‘जीन’चीच अक्षरे असलेले फ्रेंच नाव ‘झाँ’ तर जॉनच. म्हणून पत्रात ‘ही’, ‘शी’ अशी सर्वनामे आधी शोधायची, आणि ती सापडेपर्यंत एकही क्रियापद पक्के करायचे नाही.

नोंदवही
कामाची पद्धत सांगतो. अनुवादाला बसण्याआधी संपूर्ण मजकूर एकदा फक्त नावांसाठी वाचा. प्रत्येक माणसाचा एक तक्ता: पूर्ण नाव, येणारी सगळी रूपे, ते रूप कोण वापरतो, लिंग, पहिल्यांदा कोणत्या पानावर. ‘कोण वापरतो’ हा रकाना गाळू नका. पेगी फक्त धाकटी बहीण म्हणते आणि मार्गारेट फक्त वडील म्हणतात, असे निघाले तर तो नात्यांचा नकाशाच आहे, तो मोडायचा नाही. बर्ट आला तर थांबा: अल्बर्ट, हर्बर्ट, ह्यूबर्ट, रॉबर्ट, कोणीही असू शकतो. टेड एडवर्डही असतो आणि थिओडोरही. आडनाव, पत्ता, तारीख जुळल्याशिवाय दोन माणसे एक करू नका.

अनुस्वार
आणि मजकुरात पहिल्यांदा नाव येते तिथे ‘मार्गारेट ऊर्फ पेगी’?

नोंदवही
निवेदनात चालेल. पत्राच्या आत नाही, बहीण बहिणीला ऊर्फ लिहीत नाही. पत्रांसाठी सुरुवातीला व्यक्तींची यादी द्या आणि मार्गारेटपुढे मेग, पेगी लिहा.

गॅरेजवाला
एवढे करून ‘बिल’ देवनागरीत लिहिले की वाचक पैसे द्यायचे बिल समजतो त्याचे काय?

मात्रावृत्त
वाक्याच्या सुरुवातीला टाळा. ‘बिल आले’पेक्षा ‘काल संध्याकाळी बिल आला’ लिहा, पुल्लिंगी क्रियापदाने माणूस उभा राहतो. पण ‘बिलला’, ‘बिलने’ ही रूपे दोघांची सारखीच होतात. तिथे पहिल्या दोन-तीन वेळा आडनाव जोडा: बिल कार्टरला, बिल कार्टरने.

शब्दवेल्हाळ
तक्ता आजच आखते. पेगीची पत्रे एकूण बेचाळीस आहेत आणि त्यांत एक ‘बर्ट’ चार वेळा आला आहे. वर कुठेही आडनाव नाही.

नोंदवही
त्या चार पत्रांच्या तारखा आणि गावे इथे टाका. चारही एकाच गावची निघाली तर त्या गावच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत अल्बर्टपासून सुरुवात करू.